कोरी करकरीत

घरात धाकटा म्हणून जन्मलेल्या माणसाला 'नवीन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागतो. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्यामुळे माझ्या वाट्याला जे जे आलं, ते तीन वर्षं उशिरा आणि दादाच्या अंगावरून उतरून आलं. शर्ट आले ते कोपरात विरलेले. दप्तर आलं ते एका पट्ट्याचं. पुस्तकांत धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं दादाने पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलेली असत, आणि ती चुकीची आहेत हे मला गुरुजींच्या पट्टीवरून कळे. सायकल आली, तिचे ब्रेक म्हणजे माझेच दोन पाय. वस्तू हातात देताना दादाचं वाक्य ठरलेलं असे, "जरा वापरलीय, पण तुला चालेल."

आणि खरं सांगायचं तर चालायचीच. त्या वस्तूचं जे काही वाईट व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असे. आता माझ्या हातून आणखी काय बिघडणार? धाकटेपणातला हा निवांतपणा थोरल्यांना कधी कळायचा नाही.

मिळवता झाल्यावरही सवय सुटली नाही. पहिली गाडी घेतली ती जुनीच. तिच्या चार दरवाज्यांचे चार स्वभाव होते. एक आतून उघडत नसे, एक बाहेरून लागत नसे, तिसरा वळणावर आपणहून उघडे आणि चौथ्याकडे आम्ही जातच नव्हतो. पण तिचा प्रत्येक आवाज मला पाठ होता. खडखड झाली तर सायलेन्सर, किणकिण झाली तर डिकीतला पाना, आणि काहीच आवाज आला नाही तर गाडी बंद पडलेली. अशा गाडीबरोबर अकरा वर्षं सुखाचा संसार झाल्यावर एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, आता एकदा तरी कोरी गाडी घेऊ या."

कोरी! हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे गाडी आली नाही, वही आली. वर्षातून एकदा जी वस्तू मला खरोखर नवी मिळायची ती म्हणजे वही, आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिताना माझा हात थरथरायचा. नाव वळणदार काढायला जायचं आणि नेमका तिथेच शाईचा डाग पडायचा. आता साठ हप्त्यांची वही घ्यायची होती.

रंगापासून सुरुवात झाली. आम्ही माणसं तीन आणि मतं पाच. मुलीला लाल हवा होता. बायकोला "पांढरा नको, पण पांढऱ्यातलाच" हवा होता. मी विक्रेत्याला विचारलं, "मळखाऊ काही आहे का?" तो मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्याने खरोखर रंगांचा तक्ता वरपासून खालपर्यंत तपासला आणि म्हणाला, "सर, मळखाऊ शेड या मॉडेलमध्ये येत नाही."

तीन रविवार असे गेल्यावर मला हेन्री फोर्डबद्दल आदर वाटू लागला. 1914 ते 1925 या काळात त्याची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे. गंमत म्हणजे त्याआधी ती दुसऱ्या रंगांतही निघायची. म्हणजे या गृहस्थाने आधी रंग देऊन पाहिले आणि मग बंद केले. झपाट्याने गाड्या काढायच्या तर एकच रंग सोयीचा आणि स्वस्तातला पडतो, असं कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. फोर्डने एकदा कोपऱ्यात उभं राहून एखाद्या कुटुंबाला रंग ठरवताना पाहिलं असणार. शेवटी आम्ही जो रंग घेतला त्याच्या नावात चंद्र आणि धातू दोन्ही होते. घरी आणल्यावर कळलं की त्याला राखाडी म्हणतात. म्हणजे मळखाऊच!

गाडी ताब्यात देताना त्या मुलाने मला तिच्यातल्या सगळ्या सोयी बारा मिनिटांत समजावल्या. हे बटण दाबलं की हे, ते दोनदा दाबलं की ते, आणि दोन्ही एकदम धरून ठेवली की आणखी काहीतरी. बीजगणिताच्या तासाला जशी डोलावली होती तशीच मी मान डोलावत राहिलो. निकालही तोच लागला. मागच्या काचेचा वायपर चालू कसा झाला ते कळलं नाही आणि बंद कसा करायचा ते आठवेना. लख्ख उन्हात चार दिवस तो कोरडी काच पुसत होता. मागून येणारे लोक गोंधळून हात हलवत, आणि मला वाटे, गाडी आवडलेली दिसते.

शोरूममधून निघताना टाकीत पेट्रोल किती असतं हा अनुभवी माणसांना विचारायचा प्रश्न आहे. पंपापर्यंत पोहोचेल इतकं असतं, आणि तेसुद्धा पंप शेजारीच असेल तर. बाहेर पडतो न पडतो तोच पिवळा दिवा लागला. पंपावर मोठ्या दिमाखात गाडी लावली, तर झाकण पलीकडच्या बाजूला. मागे घेऊन वळसा घातला, आणि गडबडीत पुन्हा तीच बाजू पुढे आली. पंपावरचा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, काट्याशेजारी बाण असतो बघा." खरंच होता! पेट्रोलच्या चित्राशेजारी एवढासा त्रिकोण, झाकण ज्या बाजूला त्या बाजूला टोक केलेला. या बाणाचा जनक जिम मॉयलन, फोर्ड कंपनीतला एक अभियंता. 1986 मध्ये तो कंपनीची एक गाडी घेऊन पंपावर गेला, माझ्यासारखीच चुकीच्या बाजूला लावली, आणि पावसात भिजला. परत येऊन त्याने साहेबांना टिपण लिहिलं की असा बाण असावा. माणसामाणसांतला फरक तो हाच. मी फक्त पोराला सॉरी म्हणालो.

घरी येताना आमचा वेग असा होता की शेजारून गेलेल्या सायकलवाल्याने वळून पाहिलं. बायकोने विचारलं, "अहो, गाडी चालू आहे ना?" शंका रास्त होती. इंजिनाचा आवाजच येत नव्हता आणि मला तर घाम फुटला होता. पण मी ठणकावून सांगितलं की नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर जपूनच चालवायचे असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती एकमेकींशी घासून नीट बसायला वेळ लागतो, तोवर इंजिन जोरात पिटाळायचं नाही, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक मी दोन रात्री जागून वाचलं होतं. "जोरात पिटाळू नका असं लिहिलंय," बायको म्हणाली, "हात धरून चालवा असं नाही लिहिलेलं."

यानंतरच्या महिन्याबद्दल घरातली माणसं आजही फारसं बोलत नाहीत.

मी नियम केले होते. पाय झटकूनच आत यायचं. ओली छत्री पिशवीत घालायची. गाडीत काही खायचं नाही, खोकलं तरी चालेल पण तोंडावर रुमाल धरून. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक काढायचं नाही. बसलं की ते कराकरा वाजायचं, उठलं की पाठीला चिकटून अर्ध्यापर्यंत आपल्याबरोबर यायचं. नव्या गाडीचा वास जाऊ नये म्हणून काचाही उघडायच्या नाहीत. पुढे वाचनात आलं की तो वास म्हणजे प्लास्टिक, गोंद आणि सीटमधला फोम यांतून उडून येणारी रसायनं, आणि खरं तर काचा उघडून वारा खेळू द्यावा. म्हणजे इतके दिवस मी कुटुंबाला गोंद हुंगवत होतो. एकदा मुलीने विचारलंच, "बाबा, गाडी बसायला घेतलीय की बघायला?"

सगळ्यात मोठी धास्ती चऱ्याची. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक संरक्षक थर असतो, तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो, असं मला कोणीतरी सांगितलं. कशाला सांगितलं असेल? त्या दिवसापासून मी प्रत्येक माणसाकडे त्याच्या हातातल्या किल्ल्या, कमरेचा पट्टा आणि मनगटातलं कडं या दृष्टीने पाहू लागलो. लहान मुलं तर मला हातापायांचे खिळेच वाटू लागली. कुठेही गेलो तरी गाडी इतर गाड्यांपासून लांब, एकटी, निर्मनुष्य कोपऱ्यात लावायची आणि तिथून चालत यायचं. जुनी गाडी होती तेव्हा दारात उतरत होतो. नवी घेतल्यापासून रोज अर्धा तास चालणं होऊ लागलं. कोपऱ्यात लावूनही तासाभराने बघावं तर दोन्ही बाजूंना दोन गाड्या चिकटून उभ्या. बाकी सगळं मैदान रिकामं! या गाड्यांनाही एकटं वाटत असेल का, न कळे.

रात्री मी उठून खिडकीतून गाडी आहे ना ते पाहत असे. एकदा अंधारात किल्ली चुकून दाबली गेली आणि अलार्म वाजून अख्खी इमारत खिडकीत आली. तेव्हा गाडी आहे, हे सगळ्यांनीच पाहिलं.

आणि एका सकाळी पाहिलं तर गाडी नव्हती.

गाडी नव्हती, बायकोही नव्हती. माझ्या मनात ज्या क्रमाने हे आलं तो क्रम मी तिला अजून सांगितलेला नाही. टेबलावर चिठ्ठी होती, "जाऊन येते. किल्ली तुमच्या उशीखालून काढली." पुढचे तीन तास मी कार्ल बेंझच्या मनोवस्थेत काढले. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न विचारता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन पोरांना बसवून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर, आणि इतक्या लांब मोटारीने तोवर कोणी गेलेलंच नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती बाईने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजला तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. कार्लने मोटार बनवली खरी, पण ती चालते हे जगाला दाखवलं बेर्थाने. आमची बेर्था तीन तासांनी परत आली. गाडीला काही झालं नव्हतं. मागचा वायपरही बंद होता. "कसा केलास?" मी विचारलं. "बटणाने," ती म्हणाली.

दादा गाडी पाहायला आला तो जरा उशिराच. भोवती एक चक्कर मारून त्याने टायरला बुटाने ठोकरलं, बॉनेटवर बोटाच्या पेराने टकटक केली. ती मला छातीत ऐकू आली. मग अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "पत्रा पातळ आहे. आधी मला विचारायचंस." आणि जाता जाता, "शनिवारी दोन दिवसांसाठी नेतो रे. माझी कामाला टाकलीय."

नाही म्हणायला हवं होतं. पण तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, आजवर वस्तू नेहमी दादाकडून माझ्याकडे आल्या, माझ्याकडून त्याच्याकडे जावं असं काही कधी माझ्याजवळ नव्हतंच. तोंड उघडंच होतं, त्यातून "ने ना" एवढंच निघालं.

ते दोन दिवस मी काय केलं ते आठवत नाही. बायको म्हणते, मी कपाट आवरत होतो.

रविवारी संध्याकाळी गाडी आली. डाव्या बाजूला मागच्या दारापासून चाकाच्या कमानीपर्यंत हातभर चरा. "फाटकाचा खांब मध्येच होता," दादा म्हणाला, जणू खांब चालत आला होता. मग त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "जरा वापरलीय, पण चालेल तुला."

तो गेल्यावर मी आत जाऊन बसलो. सीट त्याच्या उंचीसाठी मागे सरकवलेली, आरसा भलतीकडे वळलेला. प्लास्टिक ओरबाडून मागच्या सीटवर बोळा करून टाकलेलं. रेडिओवर बातम्या लावून ठेवलेल्या. मी टेकून बसलो. पहिल्यांदाच पाठ सीटला टेकली आणि काही वाजलं नाही. कोपर खिडकीवर टाकलं. बायको बाहेर येऊन चऱ्यावरून बोट फिरवत उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "आता बसली बघ अंगाला."

तेवढ्यात समोरच्या कप्प्यातलं पुस्तक अर्धवट बाहेर आलेलं दिसलं. उघडून पाहिलं. टायरमध्ये हवा किती भरायची त्या पानावर दादाने समासात पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवला होता, खाली दोन रेघा मारून. मी दार उघडलं, दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं त्याच्याशी तो ताडून पाहिला.

चुकीचा होता.