"तीन प्लगला दोन तास लावले" या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू वाचला, एक स्टार दिलात. तुमचा वेळ गेला, वहिनी आणि मुलं उन्हात ताटकळली, त्याबद्दल मनापासून सॉरी. बसायला धड जागा नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याचं बघतोच आहे.

पण "20 मिनिटांचं काम, मुद्दाम वेळ काढला" हे जे लिहिलंय ते फार लागलं. 22 वर्षं झाली या साताऱ्यात हे काम करतोय. तुम्ही पुण्याहून खंबाटकी चढून थेट आमच्या दारात आलात, 11 वाजून गेले होते, इंजिन तापलेलं. तुम्हीच म्हणालात पेट्रोलवर ठीक चालते, सीएनजीवर चढाला झटके मारते. सीएनजी पेटायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं त्यामुळे ठिणगी पाडणारा प्लग झिजला की पहिलं मिसिंग, म्हणजे सिलिंडर मध्येच न पेटणं, गॅसवर आणि लोडवरच येतं. स्कॅनर लावला तर दोन नंबर सिलिंडरच्या मिसिंगचा कोड. आता तिथेच "कॉइल (प्लगला व्होल्टेज देते ती) गेली" म्हणून दोन-अडीच हजारांची नवी कॉइल मारली असती तर तुम्ही अर्ध्या तासात निघाला असता आणि पुढच्या चढाला परत झटके. मी दोनची कॉइल एकवर टाकून बघितली, मिसिंग दोनवरच राहिलं, म्हणजे कॉइल चांगली. याचे पैसे बिलात नाहीत, बघा.

त्यानंतर पाऊण तास बॉनेट उघडं ठेवून थांबलो ते फक्त हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, गार व्हायला. तुम्ही तेव्हा दोनदा येऊन म्हणालात "गरमच खोला हो". साहेब, हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लगला पाना लावला आणि आटे प्लगबरोबर बाहेर आले तर हेड उतरवायची वेळ येते, मग गाडी दोन दिवस इथेच आणि शिव्या मलाच.

खोलल्यावर दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं, कॉइलचं रबर फुगलेलं, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ, ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर उडत होती. ठिणगी उडते तो गॅप फिलर गेजने मोजला तर 1.3 मिमी, असायला हवा 0.8 च्या आसपास. तो प्लग मी तुमच्या हातात दिला होता, तुम्ही फोनवर होता, बघून परत दिलात. आणि रिव्ह्यूत "चांगले प्लग बदलले". पॉलिश पेपरने घासून तेच परत बसवता आले असते, बाकीचे दोन दिसायला बरे होते, पण तिन्ही 40 हजार किलोमीटर चाललेले, साधे निकेलचे, एकच बदलून तुम्हाला पाठवणं मला पटलं नाही. ऑइल पुसून, हवा मारून, टॉर्क पान्याने कसून दिले. बिल 1,150, त्यात मजुरी 400.

माझी चूक एवढीच की किती वेळ लागेल हे सुरुवातीलाच बसवून सांगायला पाहिजे होतं. यापुढे सांगू, तसा बोर्डपण लावायचा विचार आहे.

तुमचे तिन्ही जुने प्लग पिशवीत घालून ठेवलेत, परत या बाजूला आलात तर बघून जा. आणि टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग तुम्ही "नंतर बघू" म्हणालात ते कुठेही करा, आमच्याकडेच करा असं नाही, पण लवकर बदला, नाहीतर त्याच खड्ड्यात परत ऑइल उतरणार.