काकांना गाभारा हवाय

गाण्याच्या रेकॉर्डिंगमधल्या इफेक्टची आयती सेटिंग, म्हणजे प्रीसेट, बनवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायला नाही, फक्त विचारायचंय की बाबा रे, तुझ्या प्रोजेक्टमध्ये एकच ट्रॅक, म्हणजे एकच आवाज, असतो का? कारण प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेला इफेक्ट) उघडून पहिला प्रीसेट लावला की गाणारा माणूस घरातून उठून थेट भल्यामोठ्या हॉलमध्ये उभा, त्यात आवाजही मूळपेक्षा थोडा चढवलेला, म्हणजे कानाला वाटणारच की हेच भारी. 'जरासंच' नावाचा प्रीसेट अजून कुठल्या यादीत दिसला नाही.

त्यात आमचे शेजारचे काका. रिटायर झाल्यापासून अभंग रेकॉर्ड करायचा नाद लागलाय, माइक माझा, इंटरफेस माझा, लॅपटॉप माझा, बेडरूम पण माझी, त्यामुळे ताप कुणाला हे सांगायला नको. मी सहज कन्व्होल्युशन रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा एक इफेक्ट, लावून दाखवला तर काकांनी डोळेच मिटले. "गाभारा! हाच ठेव, आता हलवू नकोस." आता हा रिव्हर्ब म्हणजे एखाद्या खऱ्याखुऱ्या जागेत फुगा फोडून नाहीतर स्पीकरवर एक चढत जाणारा सूर लावून मागे घुमणारा आवाज टिपतात, आणि तुमच्या गाण्यातल्या प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या एकेका बारीक तुकड्याला, ती अख्खी घुमारी लावत बसायचं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स धरले तर, ४ सेकंदांची घुमारी म्हणजे १,९२,००० सॅम्पल्स. गणितातल्या पळवाटा आहेत म्हणून जमतं, तरी प्रोसेसरला घाम फुटतोच. (काकांचा गाभारा युरोपातल्या कुठल्याशा चर्चमधला आहे, हे मी अजून बोललेलो नाही.)

बरं गाभारा एकट्या गळ्याला पुरला असता तर ठीक, पण काका म्हणाले पखवाजाला पण दे, पेटीला दे, टाळांना दे, मागच्या कोरसनं काय पाप केलंय? दिला. सॉफ्टवेअरमधला लोडचा मीटर नव्वदच्या पुढे आणि स्पीकरमधून तडतड, तडतड. काका खूश. "चिपळ्या कुणी घातल्या रे? लयीत नाहीयेत, पण छान वाटतंय."

यातला खरा छळ म्हणजे टास्क मॅनेजर उघडावा तर तो निवांत पस्तीस टक्के दाखवतो. कारण तो प्रोसेसरच्या सगळ्या कोअर्सची, म्हणजे आतल्या मजुरांची, सरासरी सांगतो, आणि एका ट्रॅकवरची प्लगइन्स एकामागून एकच चालतात, पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, म्हणजे एक कोअर मरतोय आणि बाकीचे बघतायत. त्यात ऑडिओला उशीर चालत नाही. वेळेत झालं तर गाणं, नाही झालं तर चिपळ्या.

मग बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल्स हातात घेतो ते. ही पंगतच आहे, वाढप्याच्या हातात छोटं भांडं दिलं तर पानात गरम पडतं पण आत-बाहेर करून त्याचा जीव जातो, मोठी बादली दिली तर वाढपी निवांत आणि पान रिकामं ठेवून लोक बसलेले. ६४ सॅम्पलला सव्वा-दीड मिलिसेकंद, तिथे लॅपटॉप झोपतो. १०२४ केलं तर एकवीस मिलिसेकंद जायला आणि तेवढेच यायला, मग काकांना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो, आणि काका पडले सज्जन, मागच्याला सोबत घ्यायला थांबतात, की मागचा पण थांबतो. लय चालली विलंबितात. डायरेक्ट मॉनिटरिंग चालू केलं, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये, उशीर गेला, पण त्याबरोबर गाभारा पण गेला. "कोरडं वाटतंय रे, सूर लागत नाही."

एवढ्यात लॅपटॉप तापून पंखा सुरू. ती घरघर माइकमध्ये. ती घालवायला नॉइज रिडक्शन लावलं, प्रीसेट अर्थातच सगळ्यात कडक, त्यानं लोड वाढला, पंखा आणखी जोरात, घरघर आणखी. मी पंख्याचा आवाज घालवण्यासाठी पंखा फिरवत होतो. आणि दुपारी लाइट गेली, लॅपटॉपनं बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग कमी केला, परत चिपळ्या.

शेवटी काका चहा घ्यायला उठले तेव्हा मी पाचही गाभारे काढले, बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वाटेवर, एकच ठेवला आणि सगळ्यांना तिथूनच थोडा थोडा सेंड केला. सॅच्युरेशनचं (आवाजाला ऊब देणारा इफेक्ट) ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे जास्त बारकाईनं करायचं गणित, ८ वरून २ वर आणलं, फायनल रेंडरला, म्हणजे शेवटची फाइल काढताना, वाढवू, तेव्हा कितीही वेळ लागो कोण विचारतंय. आणि काकांचा ट्रॅक फ्रीझ केला, म्हणजे इफेक्टसकट त्याची तयार फाइल झाली आणि प्लगइन्स सुटली. मीटर चाळीसवर. पंखा बंद! काकांनी ऐकलं, मान डोलवली, त्यांना तर काही फरकच कळला नाही.

"उत्तम," कप ठेवत काका म्हणाले, "फक्त तिसऱ्या चरणात माझा सूर जरा उतरलाय. तेवढं परत म्हणू का?"