काकूला विचारू नका हो!

काका दुबईत वारला, मृतदेह अजून तिथेच आहे. तेव्हापासून नौपाड्यातल्या घरी येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता तेच विचारतो, "कधी आणताय?" अहो, आमच्या हातात आहे का ते? तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, पासपोर्ट रद्द करणं, भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र, एम्बामिंगचं, म्हणजे मृतदेह टिकावा म्हणून केलेल्या प्रक्रियेचं, प्रमाणपत्र, मग विमानात कार्गोची जागा. एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. काकू फोन चार्जिंगला लावून तिथेच भिंतीला टेकून बसलीय. दरवेळी पहिल्यापासून सांगते आणि पुन्हा रडते. वर सल्ला, "ओळख लावा ना कुणाची!" संताप येतो नुसता. विचारायचंच असेल तर मला फोन करा. तिला दोन घास भरवा आधी.