नाझींचं गाणं? आधी तारखा बघा

‘हॅपी वाँडरर’ या ठेका धरायला लावणाऱ्या जर्मन गाण्याचं बालवृंदाने केलेलं जुनं ध्वनिमुद्रण अधूनमधून फिरतं. सोबत ठरलेला मजकूर: हे जुनं लोकगीत, हिटलरची युवा संघटना यावर संचलन करायची; युद्धानंतर एका रेकॉर्ड कंपनीने अनाथ पोरं गोळा करून ते इंग्रजांच्या गळी उतरवलं, आणि वर्षभरात वृंद गायब.

मुळात हे लोकगीतच नाही. शब्द १९ व्या शतकातल्या सिगिस्मुंड नावाच्या गीतकाराचे, पण चाल फ्रीडरिश-विल्हेल्म म्योलरने बांधली ती दुसरं महायुद्ध संपल्यावर. हिटलर मेल्यानंतर जन्मलेल्या चालीवर त्याची पोरं पावलं टाकणार कशी? गैरसमजाचं मूळ मात्र कळण्यासारखं आहे. पाठीवर पिशवी टाकून रानोमाळ भटकायचं आणि वाटेत गायचं, ही जर्मन तरुणांची रीत नाझींच्या कितीतरी आधीची. ‘वांडरफोगेल’ नावाची त्यांची चळवळच होती. १९३३ नंतर नाझींनी असे स्वतंत्र संघ मोडले आणि ती भटकंती, ती गाणी आपल्या संघटनेत ओढली. त्यामुळे पुढे कुठलंही जर्मन भटकंतीगीत कानावर पडलं की संशय यायचाच. संशयाला दोष नाही, पण तारीख तपासायला किती वेळ लागतो?

कंपनीची गोष्ट तर उलटीच आहे. एडिथ म्योलर आणि एर्ना पील्स्टिकर या दोघींनी १९४९ मध्ये उत्तर जर्मनीतल्या ओबर्नकिर्खेन गावात हा हौशी वृंद उभा केला. एडिथ ही संगीतकार म्योलरची बहीण. म्हणजे गाणं घरचंच. १९५३ मध्ये वेल्समधल्या लँगोलेनच्या संगीत महोत्सवातल्या स्पर्धेत पोरं जिंकली, बीबीसी रेडिओवरून त्यांचं गाणं घरोघरी पोचलं आणि जानेवारी १९५४ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं. दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, एकूण २६ आठवडे राहिलं. यात कंपनीने गळी उतरवलं कुठे? लँगोलेनचा महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाला तोच युद्धाने तुटलेले देश गाण्यातून जवळ यावेत म्हणून, आणि १९४९ मध्येच तिथे जर्मन वृंद गाऊन गेला होता.

अनाथ? बरीच मुलं होती, सगळी नव्हे.

आणि वर्षभरात गायब झालेली ही मंडळी १९६४ मध्ये अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गात होती.