अळ्या पडल्यात म्हणे!

सकाळी आमच्या झाडं लावणाऱ्या गटाच्या ग्रुपवर फोटो आला. पुण्यात पाषाणला रामनदीकाठच्या पायवाटेवरचा आपला बहावा, खाली मेलेल्या हिरव्या अळ्यांचा सडा आणि वर मजकूर : "झाडाला कीड लागली होती, फवारणी करून घेतली." त्याखाली अंगठे, नमस्कार, "छान काम". डोकंच फिरलं माझं.

अहो, हाच बहावा गेल्या पावसाळ्यातही अळ्यांनी खाल्ला होता. नुसत्या काड्या उरल्या होत्या. सगळे हळहळत असताना आमच्या गटातले काका आले. एसटीतून रिटायर झालेले, भर मे महिन्यात दोन्ही हातांत कॅन घेऊन रोपांना पाणी घालणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फांदी खाली ओढली. पानाच्या मधल्या शिरेवर पानाच्याच रंगाची अळी, कडेने फिकट पट्टा आणि बारीक काळे ठिपके. म्हणाले, "ताई, जेवतायत ती. जेवू द्या." महिन्याभरात झाडाला नवी पालवी आणि भोवती पिवळसर फुलपाखरांची ही झुंबड!

आपण देशी झाडं लावतो ती कशासाठी? नुसतं हिरवंच हवं होतं तर टेकड्यांवर गिरिपुष्प आहेच की, मध्य अमेरिकेतून आणलेलं. भराभर वाढलं, फोटोत छान दिसलं. बहावा, करंज, उंबर लावले ते इथल्या किड्यापाखरांना खाता यावेत म्हणून. आणि ज्या शिंपी पक्ष्याचे फोटो तुम्ही स्टेटसला टाकता, तो पिल्लांना काय वरणभात भरवतो? अळ्याच भरवतो ना!

2015 मध्ये आपल्या राज्याने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, देशात सगळ्यात आधी. केवढं कौतुक झालं! त्याची अळी लिंबाची पानं फस्त करते. म्हणजे फुलपाखराचे लाड करायचे आणि अळी दिसली की पंप काढायचा.

हो, केसाळ सुरवंटाने अंगाला खाज सुटते, पोरं रडतात, मान्य. पण बहाव्यावरची ही अळी केसाळ नसते. निदान बघून तरी घ्यायचं!

फवारणी करणाऱ्यावर माझा तसा राग नाही. झाड मरेल म्हणून जीव कळवळला असणार, त्यांनीही उन्हाळ्यात रोपांना पाणी घातलंय. राग येतो तो न विचारता केल्याचा. काका रोज सकाळी त्याच वाटेने जातात. एक फोन केला असता तर?

दुपारी गेले तर काका तिथेच होते, एकेक पान उलटून बघत. एका पानामागे बारीक धाग्याने बांधलेला हिरवा कोष सापडला. जिवंत आहे की नाही, कळेना. काका काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आणि त्याच बहाव्यापासून दहा पावलांवर गुडघाभर गाजरगवत माजलंय. त्याने तर खरंच खाज सुटते, शिंका येतात. त्याचा फोटो आजवर एकानेही ग्रुपवर टाकलेला नाही! रविवारी सकाळी सातला आम्ही ते उपटणार आहोत. हातमोजे घेऊन या. पंप घरीच राहू द्या.