अनलिमिटेड, अटी लागू

मुंबईत जिथे मर्यादा लिहिलेली असते, तिथे ती शोधूनही सापडत नाही. आमच्या इमारतीवर ठसठशीत अक्षरांत ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ अशी पाटी आहे. एकदा वार्षिक सभेला या. गळक्या टाकीवरून निघालेला विषय पार्किंगमार्गे एकमेकांच्या खानदानापर्यंत जातो. (ती मर्यादा सभासदांच्या देण्याची असते, बोलण्याची नव्हे, हे मान्य.) बेस्टच्या लिमिटेड बसचंही तेच. मोजके असतात ते थांबे. आतली माणसं नव्हेत.

उलट ‘अनलिमिटेड’ दिसलं की मी आधी बारीक अक्षरं शोधतो. माझा मोबाइलचा प्लॅन अनलिमिटेड आहे, म्हणजे रोज दीड जीबी. तो संपला की वेग 64 केबीपीएस. नेट बंद पडत नाही, फक्त चालतही नाही. परवा घाटकोपरला उघडायला घेतलेला साखरपुड्याचा फोटो ठाण्याला उतरेपर्यंत मेव्हण्याच्या कपाळापर्यंतच आला होता.

खरा अनलिमिटेड म्हणजे लोकलचा पास. ठरलेल्या दोन स्टेशनांमध्ये महिनाभर हव्या तितक्या फेऱ्या मारा, कोणी विचारत नाही. पण त्यावर तो शब्दच छापलेला नसतो!

हे सगळं साताऱ्याहून आलेल्या मामांना कोण सांगणार? त्यांनी दादरला ‘अनलिमिटेड थाळी’ वाचलं आणि पाय तिकडेच वळले. आत भिंतीवर दुसरी पाटी होती. मामांनी ती खड्या आवाजात वाचली, “थाळी शेअर करू नये. पार्सल मिळणार नाही. उष्टं टाकल्यास जादा आकार पडेल. हे हॉटेल आहे का कोर्ट रे?”

पहिल्या तीन पुऱ्या वाढप्याने धावत आणल्या. मग त्याचाही दीड जीबी संपला. आमच्या टेबलाकडे पाठ करून तो छताकडे बघत उभा राहिला. मामांनी बासुंदीची रिकामी वाटी वाजवली.

“काका, गोड एकच वाटी.”

“कोशिंबीर?”

“ती पण एकदाच.”

“मग अनलिमिटेड काय आहे बाबा?”

“भात.”

मामांनी शांतपणे बाह्या सारल्या. “आण. आणि आमटीचं भांडं इथंच ठेव.”

चौथ्यांदा भात आला, तेव्हा गल्ल्यावरचे मालक स्वतः उठले आणि आमच्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेले.