उपग्रहाला ढग दिसतो, मग ढगफुटी का नाही?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर हा संदेश फिरू लागतोच: 'डोक्यावर चोवीस तास उपग्रह असूनही ढगफुटी आधी कळत नाही. रात्री तर तो आंधळाच. म्हणजे एकतर माहिती दडवतात, नाहीतर जनतेचे कोट्यवधी रुपये पाण्यात गेले.'

रात्री आंधळा? इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे आपले हवामान उपग्रह अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांतून ढगांच्या माथ्याचं तापमान मोजतात, त्याला सूर्यप्रकाश लागत नाही. माथा उणे सत्तर अंशांवर गेला, म्हणजे ढग प्रचंड उंच चढलाय. बातम्यांत दिसणारी लाल-पिवळी चित्रं या तापमानाचीच असतात.

दडवण्याचं म्हणाल, तर ही चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात.

आता ढगफुटी. वीस-तीस चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, ही तिची खात्याची व्याख्या. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. तिथूनच तो पृथ्वीच्या गतीने फिरत सतत आपल्याच भागाकडे बघू शकतो. पण एवढ्या अंतरावरून अवरक्त चित्राचा एक ठिपका साधारण चार किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे सोळा चौरस किलोमीटर. अख्खी ढगफुटी दोन ठिपक्यांत आटोपते! शिवाय दिसतो तो माथा, खाली पाऊस नेमका कुठे कोसळतोय ते नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. हा फरक टिपायला रेडिओलहरींनी ढगांतले पावसाचे थेंब हेरणारं डॉप्लर रडार आणि जमिनीवरचे पर्जन्यमापकच हवेत. घाटमाथ्यावर ते आणखी बसवा म्हणून ओरडलात, तर मीही तुमच्या बाजूने ओरडेन.

मग पैसे पाण्यात गेले का? भर समुद्रात पर्जन्यमापक नसतात आणि किनाऱ्यावरच्या रडारची नजर काही शे किलोमीटरपर्यंतच पोचते. त्यापलीकडे मुख्य आधार उपग्रहाचाच. १ जून २०२० ला गोव्याच्या नैर्ऋत्येला समुद्रात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तयार झालं, तेच पुढे 'निसर्ग' चक्रीवादळ. आता दोन्ही उपग्रहांची मिळून दर पंधरा मिनिटांना नवी चित्रं येतात. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती घट्ट वळलेत, यावरून तज्ज्ञ वादळाचा जोर ठरवतात. ३ जूनच्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याआधी मच्छीमारांना परत बोलावता आलं आणि किनाऱ्यावरची हजारो माणसं हलवता आली.